ढाळ

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या मोऱ्यांना ढाळ दिला.
चारकोपच्या बैठ्या घरांपासून
ओशिवऱ्याच्या त्या बाथरूमपर्यंत
ज्यात आमची खोली मावली असती, पोटमाळ्यासकट.
दोन फुटांना दोन सूत.
एवढंच माझं शिक्षण.
पाणी वेडं नसतं, त्याला सुताचा फरक कळतो.

मग हेमल शेठनी कांदिवलीला मॉलच्या गच्चीवर बोलावलं.
म्हणाले, घाडी, मुलांसाठी गोल्फ करायचाय.
घरच्यांनी एकत्र येऊन खेळायचा. नऊ भोकं.
मी विचारलं, जाळ्या स्टीलच्या की पितळी?
शेठ पोट धरून हसले.
ऋजुता मॅडम हसल्या नाहीत.
त्यांनी नकाशावर लिंबाएवढा पांढरा चेंडू ठेवला,
म्हणाल्या, हे तुमचं पाणी.

मग काय अडचण?

पहिलं सरळ. दुसऱ्याला बोगदा.
तिसऱ्यावर दीपगृह, लालबागच्या सुतारानं
मखराच्या उरलेल्या प्लायचं केलेलं;
दरवाजावर अजून अर्धा मोर दिसतो.
चौथ्यावर शेपूट हलवणारी गाय,
तिची मोटर उद्घाटनाआधीच दोनदा जळली.

सहावं माझं.
नकाशात तिथे नुसतं लिहिलं होतं, सपाट.
मॅडम बहिणीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलेल्या.
आता, मला सपाट येत नाही.
करायला बसलो तरी हात आपोआप
पाण्याला वाट काढून देतो.
गवंडी दिवसभर उकिडवा.
त्याला जमीन दिसते ती
चार वर्षांच्या पोराला दिसते तेवढ्या उंचीवरून.
त्या उंचीवरून मी सहावं केलं.
उभ्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही.

हिरवा गालिचा चिकटवण्याआधी एक बादली ओतली.
पाणी निघालं, बिचकलं, डावीकडे वळलं,
आणि काहीतरी विसरल्यासारखं परत येऊन
भोकात उतरलं.
डबा घेऊन आलेली शालन बघत होती.
म्हणाली, उघडं ठेवू नका, झुरळं येतील वर.

पहिल्या रविवारी मी गेलो ते शेवटच्या हप्त्यासाठी.
शेठ फोनवर. मी गाईपाशी उभा.
सहाव्यावर एक कुटुंब अडकलेलं.
वडिलांनी एक डोळा मिटला, काठी धरून अंतर मोजलं,
पाच फटके, सहा, सात.
आजीनं कॅरमसारखा कडेवर आपटून बघितला.
आईनं पेन्सिलीनं कार्डावर आकडा लिहिला, खोडला.
जाड चष्म्याचा मुलगा
सरळ गालिच्यावर पालथा झोपला, गाल टेकून.
बाबा, इथे डोंगर आहे.
कुठे?
उभं राहून नाही दिसत. झोप ना.

इस्त्रीची पँट होती त्यांची.
आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा,
मग अख्खा माणूस आडवा.
खिशातली नाणी गडगडली
आणि सगळी एकाच वाटेनं गेली,
बिचकून, डावीकडून.
एक रुपया भोकात पडला.
ते लगेच उठले नाहीत.
मागे रांग होती, अकरा माणसं,
कोणी "चला ना" म्हटलं नाही.

शेठ म्हणाले, सहाव्यावर खोळंबा होतो, घासून सपाट कर.
मॅडम परत आल्या, लेव्हल ठेवली.
बुडबुडा एका बाजूला सरकला, तिथेच थांबला.
माझ्याकडे बघितलं.
मग नकाशावरचं "सपाट" खोडून
वर इंग्रजीत काहीतरी लिहिलं.
मी विचारलं नाही.

हप्ता अजून यायचाय.
आणि आमच्या मोरीत, नळाखालच्या कोपऱ्यात,
पंधरा वर्षं पाणी साचतं.
शालन खराट्यानं ढकलते, माझ्याकडे न बघता.
मी म्हणतो, बघतो गं, येत्या रविवारी.